जुन्या दुनळी बंदुकांच्या नळ्यांचे पोलाद कोणाचे, हे कसे शोधावे?

मेरिडनकर

सर्व जाणकारांना नमस्कार. मी अमेरिकेत कनेटिकट राज्यात राहतो. इथल्या मेरिडन गावात पार्कर ब्रदर्स यांचा बंदुकांचा कारखाना होता. सुमारे 2 लाख 42 हजार बंदुका तयार करून हे नाव संपले, पण त्यांच्या दुनळ्यांवर जीव टाकणारे संग्राहक आजही या भागात पैशाला पासरी भेटतात. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांच्या घरातील सामान विक्रीला निघाले, तेव्हा त्यातली 12 बोअरची, व्हीएच दर्जाची एक दुनळी मी रीतसर विकत घेतली.

दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कंपनीचे नाव, गावाचे नाव आणि ‘व्हल्कन स्टील’ अशी अक्षरे कोरलेली आहेत. पुढचा लाकडी भाग काढून नळ्या उतरवल्या की मागच्या टोकाच्या सपाट पृष्ठावर अनुक्रमांक दिसतो आणि त्याशेजारी 4 व 3 हे आकडे ठोकलेले आढळतात. हे आकडे म्हणजे घासून पूर्ण करण्याआधीचे नळ्यांचे वजन, 4 पौंड 3 औंस, एवढे मला वाचनातून कळले आहे.

व्हल्कन नावाचे पोलाद कोणत्या कारखान्यात ओतले गेले, हे मला शोधायचे आहे. इथल्या मंडळींना विचारले तर एक जण बेल्जियम म्हणतो, दुसरा छातीठोकपणे जर्मनीचे क्रुप म्हणतो आणि तिसरा पेनसिल्व्हेनियाकडे बोट दाखवतो, परंतु कोणापाशीही सांगीवांगीपलीकडे पुरावा नाही. बंदुकीच्या अंगावरील खुणांवरून, कागदपत्रांवरून किंवा धातूच्या तपासणीवरून पुरवठादारापर्यंत पोहोचण्याची काही खात्रीशीर पद्धत आहे का? इतर जुन्या बंदुकांवर व्हिटवर्थ, क्रुप, कॉकरिल अशी नावे दिसतात. त्यांच्याबाबतीतही तीच पद्धत लागू पडते का, हेही कृपया सांगावे.

भट्टीवाला

पुण्यात पोलादाच्या प्रयोगशाळेत उभी हयात गेली, त्यामुळे या प्रश्नाकडे मी बंदुकीच्या बाजूने न पाहता धातूच्या बाजूने पाहतो, ते चालवून घ्यावे.

जुन्या नळीमागे साधारणपणे तीन वेगवेगळे धंदे असतात. पोलाद ओतून त्याच्या कांबी करणारा मोठा कारखाना हा पहिला. त्या कांबी घडवून, त्यांत आरपार भोक पाडून कच्ची नळी तयार करणारा कारागीर किंवा छोटा कारखाना हा दुसरा. दोन कच्च्या नळ्या जोडून, आतून-बाहेरून घासून, पट्ट्या डाखून त्यांची बंदूक करणारा तो तिसरा. पट्टीवर ठसठशीत कोरलेले नाव हा तिसरा माणूस ठरवतो आणि ते गिऱ्हाईकासाठी असते. त्यामुळे पट्टी वाचताना पहिला प्रश्न असा विचारावा, की हे नाव पोलाद ओतणाऱ्याचे आहे, पोलाद करण्याच्या रीतीचे आहे, की निव्वळ दुकानातले आहे?

‘व्हल्कन’ हे दुकानातले नाव आहे. पार्कर यांनी 1899 च्या सुमारास व्हीएच हा स्वस्त दर्जा बाजारात आणला आणि त्याच्या नळ्यांना हे नाव दिले. त्याहून वरच्या डी दर्जाला ‘टायटॅनिक’, सी आणि बी दर्जांना ‘ॲक्मी’, आणि पुढे सर्वांत स्वस्त बंदुकीला ‘ट्रोजन’, अशी ही उतरंड होती. न्यूयॉर्क राज्यातील फुल्टन येथील हंटर आर्म्स कंपनीच्या एल. सी. स्मिथ बंदुकांवर ‘आर्मर’, ‘क्राउन’, ‘नायट्रो’ ही नावे येतात आणि फॉक्स यांच्या बंदुकांवर ‘क्रोमॉक्स’ दिसते. या नावांची मालकी बंदूक करणाऱ्याकडे होती, म्हणून तो आज एकाकडून आणि दहा वर्षांनी दुसऱ्याकडून नळ्या घेऊन त्याच नावाखाली विकू शकत होता. तेव्हा ‘व्हल्कन कोणाचे’ असे एकगठ्ठा विचारण्यापेक्षा ‘या अनुक्रमांकाच्या बंदुकीतले व्हल्कन कोणाचे’ असे विचारलेले बरे.

‘सीमेन्स-मार्टिन’ हे दुसऱ्या प्रकारचे नाव, म्हणजे रीतीचे. उघड्या भट्टीत पोलाद करण्याची ही पद्धत 1860 च्या दशकात रूढ झाली आणि परवाना घेऊन ती युरोपभर वापरली गेली. नळीवर ते नाव दिसले म्हणून कारखाना कळत नाही. नळी कांबीपासून केलेली असून पट्ट्या पिळून जोडलेली दमास्कस नव्हे, एवढेच कळते.

खरे पुरवठादाराचे नाव म्हणावे असे पहिले मोठे उदाहरण व्हिटवर्थ यांचे. सर जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1865 साली एक पेटंट घेतले. वितळलेले पोलाद साच्यात ओतल्यावर ते थिजेपर्यंत त्यावर जलदाबाच्या यंत्राने प्रचंड दाब द्यायचा आणि आत अडकलेले वायूचे बुडबुडे निपटून काढायचे, अशी ती कल्पना होती. या दाबाखाली ठोकळा फुटामागे जवळजवळ दीड इंच आखूड होई. बुडबुड्याची जागा पुढे नळीच्या भिंतीत आली तर तिथेच नळी फुटणार, हे बंदूकवाल्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून लंडनचे बंदूकवाले पर्डी यांनी 1880 च्या आसपास या नळ्या उचलल्या आणि पुढे उंची दर्जाच्या अमेरिकी बंदुकांवरही त्या आल्या. मँचेस्टरजवळच्या ओपनशॉ येथील हा कारखाना 1897 मध्ये आर्मस्ट्राँग यांच्यात विलीन झाला. नळीच्या खालच्या अंगाला गव्हाच्या पेंढीचा ठसा आणि त्याजवळ क्रमांक असेल, तर साखळीतील पहिल्या धंद्याचे नाव आपल्याला थेट मिळाले असे समजावे.

आता धातूच्या तपासणीविषयी. हातात धरून वापरायचे क्ष-किरण यंत्र आजकाल भंगारवाल्यांकडेही असते आणि त्याने क्रोमियम, निकेल, मँगनीज, मॉलिब्डेनम यांचे प्रमाण नळीला ओरखडाही न पाडता कळते. मात्र कार्बन त्याला दिसत नाही आणि जुन्या साध्या पोलादात बघण्यासारखे फार करून कार्बनच असते. गंधक आणि स्फुरद यांचे थोडे प्रमाणही त्यावर भरवशाने मोजता येत नाही. ठिणगी पाडून तिच्या प्रकाशावरून घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरवर हे सगळे येते. हवा फुंकून केलेल्या बेसेमर पोलादात नायट्रोजन जास्त राहतो, तोही योग्य उपकरणावर पकडता येतो. परंतु ठिणगीचा करपट डाग राहतो, तो आपल्या पार्करवर पाडून घ्यायला आपण तयार व्हाल असे वाटत नाही. शिवाय पट्ट्यांच्या कडेला वाचन घेतले, तर डाखाचे शिसे आणि कथील आकड्यांत मिसळतात, म्हणून वाचन मागच्या सपाट भागाच्या मध्यावर घ्यावे.

या तपासणीने कारखान्याचे नाव कधीही मिळत नाही. तिचा उपयोग नावे बाद करण्यापुरता आहे. उदाहरणार्थ, नळीत निकेल भरपूर निघाले, तर ती साध्या कार्बन पोलादाची आहे हा दावा निकालात निघतो. एवढ्यावर समाधान मानावे लागते.

आखेनवासी

भट्टीवाला यांनी सांगितलेल्या दुसऱ्या धंद्याविषयी मी भर घालतो, कारण मी जर्मनीत आखेनला राहतो आणि तिथून बेल्जियममधले लिएज हाकेच्या अंतरावर आहे.

लिएजजवळ व्हेस्द्र नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यातील नेसोनव्हो, फ्रेपों, त्रोझ या गावांत पिढ्यान्‌पिढ्या नळ्या घडवण्याचा उद्योग चालत असे. आधी दमास्कसच्या, म्हणजे लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून जोडलेल्या नळ्या तिथे होत; पुढे अखंड पोलादाच्याही होऊ लागल्या. पाण्यावर चालणारे हातोडे आणि भोक पाडणारी यंत्रे नदीकाठी होती. नळी सरळ आहे की नाही, हे पाहण्यासाठी कारागीर ती उजेडाकडे धरून आतल्या चकाकीवर पडणारी सावलीची रेघ बघत आणि रेघ जिथे मोडे तिथे हातोडीचा हलका ठोका देत. या खोऱ्यातून कच्च्या नळ्या इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिकेत जात. अमेरिकेच्या त्या काळातील जकातीच्या कायद्यांत ‘घडवलेल्या, कच्चे भोक पाडलेल्या सुट्या नळ्या’ यांच्यासाठी वेगळी नोंद असे. सरकारला स्वतंत्र ओळ लिहावी लागली, यावरून या व्यापाराचा आवाका लक्षात यावा.

या कारागिरांची आद्याक्षरे नळीवर राहून जातात, आणि शोध घेणाऱ्याने आधी तीच शोधावीत. मोठ्या नावांसारखी ती मिरवलेली नसतात. पुढचा लाकडी भाग काढल्यावर दोन नळ्यांच्या मधल्या खोबणीजवळ, खालच्या बाजूला, डाखाच्या आणि काळ्या रंगाच्या आड ती बारीक अक्षरे दडलेली असतात. अमेरिकी दुनळ्यांवर पुष्कळदा सापडणारी ‘एल. एल. एच.’ ही अक्षरे लिएजच्या लॉरां लोशे-आब्रां यांची आहेत. पट्टीवर अमेरिकी नाव मिरवणारी नळी आतून बेल्जियन असू शकते, याचा हा धडधडीत पुरावा आहे. भिंगातून पाहताना उजेड आडवा टाकावा, म्हणजे घासून बुजत आलेली अक्षरेही सावलीमुळे वर येतात. घासपट्टी किंवा तारेचा ब्रश मात्र चुकूनही लावू नये.

लिएजची ही वाट 1914 च्या ऑगस्टमध्ये एका झटक्यात बंद झाली. जर्मन सैन्याने शहराभोवतीचे किल्ले त्या महिन्याच्या मध्यापर्यंत घेतले आणि निर्यात ठप्प झाली. आपल्या बंदुकीचा अनुक्रमांक युद्धाच्या आधीचा की नंतरचा, एवढे कळले तरी बेल्जियमवाल्या आणि पेनसिल्व्हेनियावाल्या मित्रांपैकी कोणाकडे पारडे झुकते, ते दिसू लागेल.

क्रुपबाबत थोडे सावध राहावे. एसेनच्या क्रुप यांनी एकमेकांत गुंतलेली तीन कडी हे बोधचिन्ह 1875 मध्ये नोंदवले. रेल्वेच्या चाकांसाठी सांधा नसलेल्या पोलादी धावा करण्यात त्यांचे नाव झाले होते आणि त्याच धावांवरून ही कडी घेतली. क्रुप यांनी कांबी अनेकांना विकल्या, म्हणून जर्मन, बेल्जियन आणि अमेरिकी, तिन्ही बंदुकांवर त्यांचे नाव खरेपणाने येते. पण नाव मोठे झाले की त्याच्या सावलीत बाजार भरतो. तीन कडी, ‘एसेन’ हे गावाचे नाव आणि सुबक अक्षरे असलेली खूण वेगळी, आणि स्वस्त बंदुकीवर नुसते वेडेवाकडे ‘क्रुप’ लिहिलेले वेगळे. दुसऱ्यावर मी पैज लावणार नाही.

कॉकरिल म्हणजे सेरां येथील जॉन कॉकरिल यांचा 1817 सालचा कारखाना. तोही लिएजला लागूनच आहे, त्यामुळे तिथल्या नळीवाल्यांना हे पोलाद दारात मिळत होते. ऑस्ट्रियातील कापफेनबर्गचे बोहलर यांचे ‘ब्लिट्झ’ आणि गंज न धरणारे ‘अँटिनिट’ ही नावेही पोलाद ओतणाऱ्याची आहेत. फ्रान्समध्ये सेंट-एतियनच्या बंदुकांवर याकोब होल्त्झर यांचे नाव येते. त्यांचा कारखाना जवळच उनियूला होता. माझ्या सगळ्यात आवडीची खूण मात्र बोहेमियातील क्लाद्नोच्या पोल्डी कारखान्याची आहे. कार्ल विट्गेनश्टाइन यांनी 1889 मध्ये तो उभारला आणि पत्नी लिओपोल्डिना यांच्या लाडक्या नावावरून त्याचे नाव ठेवले. बाईंचा एका बाजूने दिसणारा चेहरा आणि वर तारा, असे ते बोधचिन्ह. तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनश्टाइन यांच्या मातोश्री अशा तऱ्हेने कित्येक शिकाऱ्यांच्या बंदुकांवर जाऊन बसल्या.

सावंतवाडीकर

चर्चा वाचून राहवले नाही. आमच्या घरी आजोबांच्या वेळची 12 बोअरची दुनळी आहे आणि परवाना आता माझ्या नावावर झाला आहे. नळीवर फ्रेंच भाषेत ‘कॉकरिल पोलाद’ अशा अर्थाची अक्षरे आहेत आणि खाली लंबवर्तुळात ‘ई एल जी’, त्यावर मुकुट, शिवाय एक सिंह आणि त्याखाली ‘पी व्ही’ असे ठसे आहेत. बंदूक करणाऱ्याचे नाव कुठेही नाही. यावरून काळ कळू शकेल का? आणि पोलाद इतक्या चांगल्या घराण्याचे आहे, तर खडकीच्या कारखान्याची आजची काडतुसे तिच्यात चालवायला हरकत नसावी, असे आमच्या एका नातेवाइकांचे म्हणणे आहे. तेही बरोबर आहे का?

आखेनवासी

काळ बऱ्यापैकी कळतो. लंबवर्तुळातला ‘ई एल जी’ हा लिएजच्या चाचणीगृहाचा शिक्का आणि त्यावरचा मुकुट 1893 पासूनचा आहे. सिंहाखाली ‘पी व्ही’ हा धूररहित दारूच्या चाचणीचा शिक्का 1898 पासून लागू झाला. म्हणजे आपली बंदूक त्या वर्षाच्या आधीची नाही. शिक्क्यांजवळ तारखेचे सांकेतिक अक्षर आहे का, ते पाहा. अशी वर्षाक्षरे लिएजने 1922 पासून वापरली, त्यामुळे असे अक्षर मिळाले तर थेट वर्षच हाती लागेल. करणाऱ्याचे नाव नसणे ही त्या काळातील लिएजची नित्याची गोष्ट आहे. घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिननावी माल तयार होई आणि विकणारा आपल्या गावी त्यावर हवे ते नाव घाली.

नातेवाइकांच्या म्हणण्याचे उत्तर भट्टीवाला यांनी द्यावे.

भट्टीवाला

नातेवाइकांचे म्हणणे मला अजिबात मान्य नाही. नळी सुरक्षित आहे का, हे पोलादाच्या घराण्यावरून ठरत नाही. शंभर वर्षांत ती आतून किती वेळा घासली गेली, भिंत आज किती जाड उरली आहे, कुठे पोचा आहे का, पट्टीखाली गंज शिरला आहे का आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग, किती लांब आहे, यावर ते ठरते. युरोपातील जुन्या 12 बोअरच्या बंदुकांचे चेंबर बहुधा 65 मिलिमीटरचे असते. 70 मिलिमीटरचे काडतूस त्यात बसते, पण उडताना त्याची घडी उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. काडतुसाच्या खोक्यावरची लांबी वाचावी, परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून चेंबरची लांबी आणि भिंतीची जाडी मापून घ्यावी, आणि तोपर्यंत बार उडवू नये.

नावावर विश्वास किती ठेवावा, याचा जुना दाखलाही आहे. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाने 1891 मध्ये 39 प्रकारच्या नळ्या वाढत्या दारूने तपासल्या, तेव्हा अखंड पोलादाच्या नव्या नळ्या पहिल्या येतील असा अनेकांचा होरा होता. अव्वल ठरली ती घडाईच्या लॅमिनेटेड, म्हणजे थर ठोकून जोडलेल्या, पोलादाची इंग्रजी नळी. अर्थात त्या नळ्या तेव्हा कोऱ्या होत्या, हे आजच्या मालकाने विसरू नये.

मेरिडनकर

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे आडवा उजेड टाकून नळ्यांची खालची बाजू भिंगातून पाहिली. आद्याक्षरे कुठेही दिसली नाहीत; पट्टीच्या कडेला डाखाचा जुना ओघळ आहे, त्याखाली काही असल्यास ते मी उकरणार नाही. अनुक्रमांक मात्र 1920 च्या दशकातील निघाला. म्हणजे बेल्जियमवाल्या मित्राची बाजू लंगडी पडली, असे मी समजतो. पार्करच्या संग्राहकांची एक संघटना जुन्या नोंदवह्यांतून एकेका बंदुकीचा तपशील पत्राने कळवते, तेही पत्र मागवले आहे.

भट्टीवाला

बाजू लंगडी पडली, पण पूर्ण मोडली नाही. युद्ध संपल्यावर बेल्जियमचा उद्योग पुन्हा उभा राहिला आणि युद्धाआधी आणलेला कच्च्या नळ्यांचा साठा कारखान्यात पडून असणेही शक्य होते. तरी 1920 च्या दशकातील स्वस्त दर्जाच्या बंदुकीसाठी अमेरिकी नळीकडेच माझा कल राहील.

नोंदवहीच्या पत्रात गिऱ्हाईक, नळ्यांची लांबी, चोक (नळीच्या तोंडाशी ठेवलेला अरुंदपणा) असा ऑर्डरचा तपशील येतो. त्यात पोलादाच्या पुरवठादाराचे नाव मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. ते नाव कारखान्याच्या खरेदीच्या कागदांत असते आणि 1934 मध्ये पार्कर कंपनी रेमिंग्टनने घेतल्यावर, काही वर्षांनी काम न्यूयॉर्क राज्यातील इलियनला हलले, तेव्हा अशा कागदांचे काय झाले असेल ते सांगायला नको. त्यापेक्षा आपल्या भागातील संग्राहकांकडे असलेल्या, आपल्या क्रमांकाच्या आगेमागे असणाऱ्या व्हीएच बंदुकांचे सपाट भाग एकाच पद्धतीने तपासून पाहा. एखाद्याच्या नळीवर डाख कमी असेल आणि आद्याक्षर उघडे असेल. क्ष-किरण यंत्राची वाचनेही सर्व बंदुकांची एकाच दिवशी, एकाच यंत्रावर घ्यावीत, कारण मँगनीजच्या आकड्यात दोन यंत्रांत फरक पडतो. युद्धाआधीच्या आणि नंतरच्या नळ्यांचे मँगनीजचे आकडे दोन वेगळ्या गटांत विभागलेले दिसले, तर पुरवठादार बदलला असे म्हणायला आधार मिळेल. आकडे इथे टाकलेत तर मी बसून लावून देईन.